आतल्याचा शेजारी

पाच हजार वर्षांच्या थडग्यावर मी बटाट्याचे पापड वाळत घातले होते. हसा. नातवंडंही हसतात, तीही इंग्रजीत. नवऱ्याला तेव्हा आयर्लंडमधल्या लेटरकेनीच्या हॉस्पिटलात नोकरी लागली होती, आणि चाळिशीतल्या मला जगातलं सगळं कळत होतं. घरामागच्या कुरणात काही उभे दगड आणि त्यांच्यावर एक भलीमोठी तिरपी शिळा. इथे कधी नव्हे ते कडक ऊन पडलेलं असताना अशी शिळा रिकामी ठेवायची?

कुरण मायकलचं. सत्तरीचा, बिनलग्नाचा. थडग्यात पुरलेल्याला तो ‘आतला’ म्हणायचा आणि रोज सकाळी टोपी काढून त्याला हवामान सांगायचा. “आज धुकं आहे रे. पडून राहा. ग्रँड!” धुकंही असं, की दगड जमिनीवर उभेत की तरंगताहेत कळू नये, मेंढ्या नुसत्या ऐकू याव्यात. आतून कुणीतरी ‘हं’ म्हणेल म्हणून मीसुद्धा श्वास रोखून उभी राहायची.

दगडाला टेकायचं नाही, फटीत नाणी खोचायची नाहीत. दगडफूल कुणी नखानं खरवडलं की मायकल खवळायचा. “कोट आहे तो त्याचा! तुझा ओढू का?” मला मेलीला त्यात गोडा मसाला दिसायचा.

पापड पाहून मात्र तो ओरडला नाही. प्लास्टिकसकट उचलून त्यानं ते ट्रॅक्टरवर पसरले आणि दुपारभर टोपीनं कावळे हाकले. पण पापड घालून शिळेवरून उतरताना मी तेलाचा हात दगडावर टेकला होता. पाचही बोटं उमटली. मायकलनं पुरातत्त्ववाल्यांना फोन केला. ते म्हणाले, घासू नका, पाऊस नेईल हळूहळू.

पावसाआधी डब्लिनजवळच्या टॅलाहून मायकलचा पुतण्या आला. काकाला कायमचं आपल्याकडे न्यायचं त्याच्या मनात होतं. मायकलचं नेहमीचं उत्तर, “आतल्याला सोडून?” पुतण्यानं डाग दाखवला. “बघ, ही राखणही आता तुला जमत नाही. बॅग भर.”

मायकल माझ्याकडे बघेना. “माझाच हात,” तो पुटपुटला. “मासे तळत होतो.”

त्याचा पंजा फावड्याएवढा, डाग एवढासा. मी पुढे झाले. “हात माझा. तुमचे काका राखण चोख करतात. माझ्यापासूनही करावी लागेल, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.”

पुतण्याला हसू फुटलं. चहा पिऊन तो एकटाच परत गेला.

उन्हाळ्यातली ती संध्याकाळ संपायचं नाव घेत नव्हती. दुधाळ उजेडात दगड मऊ दिसत होते, हात लावला तर दबतील असे. कुंपणाशी मी विचारलं, “मायकल, खरंच त्या आतल्यासाठी राहिलात?”

तो कुंपणावर रेलला. मग म्हणाला, “त्याचं काय मिसेस, तो माझ्याआधीही होताच की. पण पुतण्याकडची सगळी सकाळी लवकरच बाहेर पडतात. तिकडे मी बोलायचं कुणाशी?”