सहा किलोमीटरांची चक्कर

'गाडी फार बुटकी आहे' एवढेच म्हणून आसावरी थांबली असती, तर पुढचे रामायण घडले नसते. पण पोह्यांवर लिंबू पिळता पिळता तिने पुढचे वाक्यही उच्चारले, "आणि आईंना तीत बसता-उठता यायचं नाही."

रत्नमालाबाईंनी चमचा बशीच्या कडेला ठेवला. त्या घरात सासूबाईंचा चमचा खाली गेला की बाकीच्यांचे चमचे आपोआप थांबत. यजमान रेल्वेत स्टेशन मास्तर होते. चौतीस वर्षांपूर्वी मिरजेहून जयपूरला बदली झाली तेव्हापासून फलाटावर झेंडा त्यांनी दाखवला आणि घरात बाईंनी. यजमान गेले, तरी घरातला झेंडा खाली उतरला नव्हता.

"माझ्या गुडघ्यांना काय धाड भरलीय?"

"तसं नाही आई. पण परवा देवघरापुढून उठताना तुम्ही पाट, भिंत आणि मितालीचा खांदा, तिन्ही धरलंत."

"मितालीला आधार दिला मी. ती पडत होती."

"आजी, मतलब मी तर बसली होती," नात म्हणाली. तिचा जन्म जयपूरचा. मराठी बोलताना ती अधूनमधून रूळ बदलत असे.

"बसलेली माणसंही पडतात."

खरा वाद दुहेरी होता. बावन्नाव्या वर्षी आसावरीच्या नवऱ्याने, नंदकिशोरने, लाल रंगाची स्पोर्ट्स सेडान मनात धरली होती. गेले तीन महिने तो जेवताना मोबाइलवर तिचीच परीक्षणे पाही आणि वरणभात कालवता कालवता 'हँडलिंग'विषयी बोले. आसावरीला हवी होती उंच, ऐसपैस गाडी, जिच्यात माणूस खुर्चीवर बसावा तसा बसतो. शिवाय तिने येत्या सोमवारी दहा वाजता हाडांच्या डॉक्टरांची वेळही घेऊन ठेवली होती. रत्नमालाबाई दोन वर्षे ही वेळ टाळत आल्या होत्या. शेजारच्या विमलताई गुडघा 'नुसता दाखवायला' गेल्या होत्या आणि दोन्ही बदलून आल्या होत्या. असल्या दाखवण्यावर बाईंचा विश्वास नव्हता.

"मग ऐका," त्या म्हणाल्या. "त्या लाल गाडीत मी बसेन आणि कोणाचाही हात न धरता उतरेन. उतरले, तर नंदू तीच गाडी घेईल आणि सोमवारचं नाव पुन्हा या घरात निघणार नाही. नाही उतरले, तर सोमवारी मुकाट्यानं डॉक्टरांकडे येईन."

"आई, दोन्ही पायांनी उतरायचं बरं का," आसावरी म्हणाली.

"एका पायावर उतरायला मी बगळा नाही."

टोंक रोडवरच्या शोरूममध्ये लाल गाडी बाहेर काढून ठेवलेली होती. राघव नावाचा विक्रेता अदबीने पुढे झाला. "आइए हुकम," म्हणत त्याने दार उघडले. 'हुकम' हे तिकडचे मानाचे संबोधन रत्नमालाबाईंना चौतीस वर्षांत प्रथमच योग्य माणसाच्या तोंडून योग्य माणसासाठी वापरले गेल्यासारखे वाटले. त्यांनी निऱ्या सावरल्या, पाठ ताठ केली आणि त्या बसल्या. म्हणजे बसण्याची सुरुवात त्यांनी केली. उरलेले काम पृथ्वीने केले. आसन त्यांच्या अपेक्षेपेक्षा वीतभर खाली होते.

"बघ," त्या काचेतून सुनेला म्हणाल्या. "हात धरला का कोणाचा?"

"बसताना नाही धरला," आसावरी म्हणाली आणि चहाचा कप घेऊन शोरूमच्या पायरीवर उभी राहिली.

नंदकिशोर चालकाच्या जागी बसला, मागे मिताली आणि राघव. चाचणीची चक्कर सहा किलोमीटरांची. सांगानेरच्या बाजूला जाऊन परत यायचे. गाडी वेगाने आणि अलगद गेली. पहिल्याच सिग्नलला बाईंच्या लक्षात आले की पदर पट्ट्याखाली अडकला आहे. तो सोडवण्यासाठी त्यांनी किंचित उठण्याचा बेत केला. बेत मनातच राहिला. आसनाच्या दोन्ही कडा त्यांना दोन्हीकडून धरून बसल्या होत्या, गुडघे कमरेपेक्षा उंच गेले होते आणि त्या गुडघ्यांनी त्यांच्या एकाही आज्ञेला उत्तर दिले नाही. साच्यात दाबून बसवलेल्या मोदकाला काय वाटत असेल, ते त्यांना आयुष्यात प्रथम कळले. साचा उघडल्याखेरीज मोदक सुटत नाही.

गाडी शोरूमपाशी परतली. आसावरी पायरीवर तशीच उभी होती. नंदकिशोरने दार उघडून उजवा पाय बाहेर टाकला.

"थांब," रत्नमालाबाई म्हणाल्या. "वळताना ही गाडी डावीकडे ओढते असं मला वाटलं. आणखी एक चक्कर घे."

नंदकिशोरने पाय असा झटकन आत घेतला आणि दार असे लावले की बाईंना भरून आले. पोटच्या पोराने आईच्या शब्दाला मान द्यावा तो असा. "तू म्हणतेस तर घ्यायलाच हवी, आई," तो म्हणाला.

दुसऱ्या चकरेत डावीकडची शंका फिटली. तेव्हा बाईंनी विचारले, "ते स्पोर्ट की काय बटण आहे म्हणालास, ते दाबून का पाहिलं नाही?" तिसरी चक्कर ते बटण दाबून झाली. चौथी, खड्डे मुद्दाम शोधून. शोरूमपाशी येऊन थांबायचे, आसावरीकडे पाहायचे, नवी शंका काढायची आणि निघायचे, असा क्रम बसून गेला. राघवला आधी कंटाळा आला, मग आश्चर्य वाटले आणि चौथ्या चकरेनंतर त्याच्या डोळ्यांत आदर दिसू लागला. सनरूफ आहे का आणि पुढच्या खणात किती बाटल्या मावतात, यापलीकडे न जाणाऱ्या गिऱ्हाइकांत त्याची उमेदीची वर्षे गेली होती.

"माँजी, आप गाडी चलाती थीं क्या?" त्याने विचारले.

"घर चालवलं," बाई म्हणाल्या. "वळणं त्यात जास्त."

पाचव्यांदा गाडी थांबली तेव्हा एक भरघोस मिशांचे गृहस्थ पुढे आले. हे शेखावतजी. त्यांच्याकडे दुसऱ्या कंपनीची काळी स्पोर्ट्स सेडान होती आणि ती बदलावी की ठेवावी, या पेचात ते रोज शोरूममध्ये येऊन चहा पीत. माँजी हँडलिंगवर अडून बसल्या आहेत, हे त्यांच्या कानांवर गेले होते. त्यांनी खिडकीतून वाकून आपली बाजू मांडली. त्यांच्या गाडीला अठरा इंची चाके होती. मोठ्या चाकांची गाडी वळणाला चिकटून जाते, असे त्यांचे मत होते.

बाईंनी हिंदीला मराठीच्या वळणावर आणले. "शेखावतजी, बडा चाक मतलब ऊँची एडी. दिखने को झोक, चलने को ठेच. वळण पे गाडी ने कैसा चलना चाहिए? अपना पदर संभाल के."

शेखावतजींनी हे वाक्य मिशीवर हात फिरवीत पचवले. "वाह, हुकम," ते म्हणाले. "दो साल से जो चीज समझ में नहीं आ रही थी, आपने एक मिनट में बता दी. अब एक मेहरबानी कीजिए. पाँच मिनट मेरी गाडी में बैठकर देखिए." आणि त्यांनी बाईंच्या बाजूचे दार सताड उघडले.

पायरीवर आसावरीने कप खाली ठेवला.

"पहिला घास गिळल्याशिवाय मी दुसरा घेत नाही," रत्नमालाबाई म्हणाल्या आणि दार स्वतःच ओढून घेतले. "मिताली, त्यांना सांग. त्यांनी आपली गाडी आमच्या शेजारून चालवावी. कोणती किती डुलते ते मी इथून बघेन."

"आजी, मतलब, सहा किलोमीटरमध्ये?"

"सरळ रस्ता लागेपर्यंत."

सरळ रस्ता टोंक रोडवर पुष्कळ आहे. लाल गाडी पुढे, काळी कधी शेजारी, कधी मागे, अशी वरात निघाली. शहर संपले, उसाच्या रसाची दुकाने संपली, मोहरीची शेते आली. राघवला शोरूममधून फोन आला, मग पुन्हा आला. तिसऱ्या फोनला त्याने आवाज खाली घेऊन सांगितले, "सर, बहुत सीरियस कस्टमर हैं. तुलना चल रही है." अशा रीतीने चाळीस किलोमीटर तुलना करीत सगळे चाकसू गावाला पोचले.

तिथे चहाची टपरी दिसली आणि शेखावतजींनी हात दाखवून गाड्या थांबवल्या. राघव उतरला, मिताली उतरली. "माँजी, शीतला माता का मंदिर है यहाँ," राघव म्हणाला. "दर्शन कर लीजिए. थोडी सीढियाँ हैं."

रत्नमालाबाईंनी बसल्या जागी डोळे मिटले आणि टेकडीवरच्या देवळाच्या दिशेने हात जोडले. "देवीला भाव पोचतो. चहा इथेच दे."

"मलाही इथेच," नंदकिशोर म्हणाला. "आईला एकटं कसं सोडू?"

दोघांनी खिडकीतून चहाचे मातीचे कुल्हड घेतले. बाहेर शेखावतजी मितालीला 'पदर' म्हणजे नेमके काय, ते विचारीत होते.

"नंदू, तू जा हवं तर. पाय मोकळे कर."

"नको नको. आसन किती छान आहे बघ."

"हो. सोडवतच नाही."

"मलाही नाही सोडवत," नंदकिशोर म्हणाला आणि चहात पाहत राहिला. बाईंनी मनातल्या मनात त्याची दृष्ट काढली. असा मुलगा जन्माला घालून, आपण त्याच्याशी खोटे बोलत आहोत, याची टोचणीही त्यांना लागली. पण विमलताईंची आठवण झाली आणि टोचणी बोथट झाली.

तरी सूर्य कलला, शंका संपल्या, आणि गाडीतले पेट्रोलही संपत आले. शोरूमपाशी परतले तेव्हा पायरीवर एकटी आसावरी नव्हती. साडेतीन तास चाचणी घेणारी आजी पाहायला सगळे विक्रेते, तीन-चार गिऱ्हाइके आणि खुद्द व्यवस्थापक उभे होते. व्यवस्थापकांच्या हातांत भलामोठा पुष्पगुच्छ होता. ते बाईंच्या बाजूला आले, दार उघडले आणि झुकून उभे राहिले.

आता कोणतीही शंका उरली नव्हती. रत्नमालाबाईंनी मुलाकडे वळून हलक्या आवाजात सांगितले, "नंदू, तू उतर आधी."

"आधी तू, आई. वयाचा मान."

"मी सांगतेय ना, उतर."

"आई, लोक तुझी वाट बघतायत."

"नंदकिशोर."

पूर्ण नाव आले तेव्हा नंदकिशोरचा चेहरा दहा वर्षांच्या मुलासारखा झाला. "आई," तो कुजबुजला, "पहिल्या चकरेनंतर पाय बाहेर टाकला ना, तेव्हाच कमरेत उसण भरली. मला उठताच येत नाहीये. तू प्रत्येक वेळी 'आणखी एक' म्हणालीस म्हणून माझी लाज राहिली. आसावरीला कळलं तर गाडी गेलीच."

शंभर किलोमीटर ज्या आज्ञाधारकपणाचे रत्नमालाबाई कौतुक करीत आल्या, तो कमरेचा निघाला होता. मग त्यांच्यातली स्टेशन मास्तरीण जागी झाली. आपला फलाट मोकळा करायचा, तर गर्दी दुसऱ्या फलाटावर धाडावी लागते.

"आसावरी," त्यांनी खणखणीत आवाज दिला, "इकडे नको, त्या बाजूला जा. नंदूची कंबर धरलीय. सगळे त्या बाजूला व्हा. राघव, पाय धर त्याचे. शेखावतजी, खांदा."

सगळी गर्दी चालकाच्या दाराशी धावली. नंदकिशोर काटकोनात बाहेर येऊ लागला. प्रत्येकजण वेगळी सूचना देत होता आणि नंदकिशोर सर्वांना एकच उत्तर देत होता, ते 'आई गं' असे होते. या बाजूला उरले होते फक्त व्यवस्थापक आणि फुले.

"बेटा," रत्नमालाबाई म्हणाल्या, "वह गुच्छ जरा नीचे लाव."

त्यांनी गुच्छ घेतला आणि गुच्छाबरोबर गुच्छाखालचे मनगटही घेतले. व्यवस्थापक सुखवस्तू अंगाचे होते. ते मागे झुकले, बाई पुढे आल्या, गुलाबाची दोन फुले कामी आली, आणि नंदकिशोरला सोफ्यावर आडवे करून गर्दी वळली तेव्हा रत्नमालाबाई निऱ्या सारख्या करून, फुले छातीशी धरून, ताठ उभ्या होत्या. व्यवस्थापक मनगट चोळत आकाशाकडे पाहत होते.

"आजी, मतलब तू तर..." मिताली कारच्या मागून म्हणाली. तिने सारे पाहिले होते.

"बाबांना पाणी नेऊन दे," बाई म्हणाल्या. मिताली गेली.

आसावरी सावकाश चालत आली. तिने सासूकडे पाहिले, रिकाम्या आसनाकडे पाहिले. "उतरलात, आई."

"दोन्ही पायांनी."

"मग ठरल्याप्रमाणे गाडी लाल."

रत्नमालाबाईंनी सोफ्यावरच्या मुलाकडे दृष्टी टाकली. तो तिथूनही लाल गाडीकडेच पाहत होता. "गाडी उत्तम आहे," त्या म्हणाल्या. "वळणावर शालीन, सरळ रस्त्यावर चपळ. पण नंदूच्या कमरेला झेपायची नाही. तुझी ती उंच गाडीच घ्या. लाल मिळत असेल तर लाल घ्या, त्याचं मन राहील."

आसावरी हसली नाही. हे तिच्याबद्दल बाईंना नेहमीच आवडत आले होते, फक्त तसे बोलून दाखवण्याचा प्रसंग आला नव्हता.

"आणि सोमवारी दहाची ती वेळ आहे ना," बाई फुले चाचपत म्हणाल्या, "त्या वेळेला नंदूला दाखवून टाकू. मी जाते त्याच्याबरोबर."

"ते गुडघ्यांचे डॉक्टर आहेत, आई."

"हाडांचे आहेत ना? कंबर काय लाकडाची असते?" त्यांनी एक पाकळी काढून टाकली. "आता मी तिथे जाणारच, तर नुसती बसून काय करू? माझेही गुडघे त्यांच्या नजरेखालून घालू. नंदूला धीर येईल. लहानपणापासून तो सुईला घाबरतो, समोर कोणीतरी आधी टोचून घ्यावं लागतं."

आसावरीने फोन काढला. "मग दोन नावं सांगू?"

"सांग. माझं आधी."