महादूच्या पुढचा नंबर

पासबुक न नेण्याचा निर्णय महादूने रागात घेतला. (तसे त्याचे सगळेच निर्णय रागात होत. लग्नालासुद्धा त्याने वडिलांवर चिडूनच होकार दिला होता.)

मुलीची, म्हणजे मनालीची, नर्सिंग कॉलेजची फी त्या दिवशी चारच्या आत भरायची होती. उशीर झाला तर जागा दुसऱ्याला. फी मोबाइलवरून जाणार होती कमळच्या खात्यातून, आणि बायकोच्या त्या खात्यात शिल्लक होती सहाशे बारा रुपये. म्हणून महादू चाळीस हजार रोख खिशात कोंबून निघाला. कमळ पासबुक घेऊन दारापर्यंत मागे आली.

“नंबर बघून टाका.”

“मला नंबर शिकवतेस? माझा पाठ हाय. माझ्या पुढचा तुझा. बँकवाला घरी आलेला, तवा एका ओळीत खाती उघडली, इसरलीस?”

“आवं, पण...”

“पण न्हाय आन् बिण न्हाय!”

आणि बाइकला लाथ मारून गडी कोन गावावरून भिवंडीच्या रस्त्याला लागला.

त्या “पण”च्या पुढचं ऐकलं असतं तर बिचाऱ्याची दुपार वाचली असती. सात वर्षांपूर्वी दापोड्याची जमीन गोदामाला भाड्याने दिली, तेव्हा बँकेचा माणूस फॉर्म घेऊन त्यांच्या ओटीवर बसला होता. आता त्या घरात जेवण असो की सही, आधी पुरुषांची पंगत बसते आणि मग बायकांची. महादूनंतर सही केली ती त्याच्या धाकट्या भावाने, राघोने. कमळ तेव्हा आत चहा गाळत होती.

आणि राघोशी महादू तीन वर्षं बोलत नव्हता. राघोची मुलगी दिशा हिच्या हळदीला रस्त्यावर वीस फुटी बॅनर लागला होता. सगळ्यात वर राघोचा सासरा, मधे मामा मंडळी, आणि सख्खा थोरला भाऊ महादू कुठे? तर अगदी खालच्या ओळीत, डीजेवाल्याच्या शेजारी. डीजेवाल्याचा फोटो मोठा होता. महादू हळद न लावता मांडवातून उठला आणि भर रस्त्यात ओरडला, “माझा एक रुपया या घरात आला तर नाव बदलीन!”

बँकेतल्या पैसे भरायच्या मशीनपुढे रांग होती. महादूने नंबर दाबला, नोटा ठेवल्या. मशीन नोटा मोजत असताना मागून कोणीतरी बोललं, “चाचा, जल्दी करो ना, मेरी शिफ्ट का टाइम हो गया.”

“चाचा किसको बोला रे? तेरी शिफ्ट है, तो मैं क्या इधर हवा खाने आया है?”

इकडे मशीनने खातेदाराचं नाव दाखवलं आणि बरोबर आहे का म्हणून विचारलं. महादूने मान मागे वळवूनच, तावातावात, बटण दाबलं.

मग पावती आली. त्याने ती एकदा वाचली, चष्मा पुसून पुन्हा वाचली. नाव राघोचंच होतं. चाळीस हजार रुपये, आणि तेही राघोच्या घरात! महादूच्या कानशिलाची शीर उडायला लागली.

“मॅडम, तुमच्या मशीननं डाका टाकला!” तो आत जाऊन काउंटरवर ओरडला.

रीमा मॅडमनी पावती पाहिली. “काका, स्क्रीनवर नाव आलं होतं. तुम्हीच बटण दाबलंत.”

“मी दाबलं न्हाय! रागात दाबलं गेलं!”

“खातेदाराने हो म्हटल्याशिवाय आम्हाला पैसे काढता येत नाहीत. तुमचे भाऊच आहेत ना? त्यांना सांगा, मिनिटात पाठवतील.”

“त्याला सांगू? त्याच्यापेक्षा मी मशीनला सांगीन!”

खिशात फोन वाजला. कमळ. पैसे का नाही आले, हेच विचारणार. महादूने फोन कापला. पुन्हा वाजला, पुन्हा कापला. पाचव्या वेळी त्याने फोन बंदच करून टाकला. (गुन्हा कबूल करण्यापेक्षा ते सोपं होतं.)

बाइकवर तो सगळ्यांवर चिडला. मशीनवर, शिफ्टवाल्यावर, खड्ड्यांवर, समोरून येणाऱ्या प्रत्येक कंटेनरवर. पण मनालीचा चेहरा काही डोळ्यांपुढून हलेना. पोरगी दोन वर्षं रात्रीचा दिवस करून अभ्यास करत होती, आणि बाप तिची जागा स्वतःच्या तोऱ्यापायी घालवणार होता. महादूला स्वतःची मनापासून लाज वाटली. आणि लाज वाटली म्हणून आणखी राग आला.

सव्वातीनला तो राघोच्या ओटीवर उभा राहिला. राघो नखं कापत बसला होता. त्याने वर पाहिलं आणि पुन्हा नखांत मान घातली.

“मी बोलायला आलेलो न्हाय,” महादू गरजला.

“बरं.”

“बाहेरून जात होतो.”

“बरं.”

राघोने दुसरं बोट घेतलं. महादूने घड्याळाकडे पाहिलं. तीन वीस.

“तवा त्या बॅनरचं...” महादूने पुन्हा घड्याळ पाहिलं. “जाऊ दे. डीजेवाला पण माणूसच हाय. मी उगाच पोरीच्या हळदीतून उठलो. दिशाच्या डोक्यावर हात ठेवायचा राहिला माझा. चुकलं माझं, राघो.”

राघोच्या हातातलं नेलकटर थांबलं. त्याचे डोळे भरून आले.

“आन् आता माझी एक चूक तुझ्या खात्यात पडलीय,” महादूने हात जोडले. “चाळीस हजार. माझे न्हाय, मनालीचे हायत. चारच्या आत दे. पायजे तर पाया पडतो.”

“आरं दादा, ते तर मी कवाच वैनीला पाठवले! मेसेज आला तवाच वळखलं, चुकीचा नंबर दाबून दुसऱ्यावर ओरडणारा दादाबिगर कोन असनार? मनालीची फी अडीच वाजताच भरली. वैनी तुला फोन करून दमली.”

महादूचे जोडलेले हात तसेच हवेत राहिले.

“मग आल्या आल्या सांगायला काय झालं होतं तुला? मी एवढं बोललो ते?”

“तू बोलाय लागलास, तवा म्हटलं ऐकून घ्यावं. तीन वर्सांनी बोलत होतास.”

“मी सगळं मागे घेतो! माफीसकट!” महादू ओटी दणाणून ओरडला. “आजपासून या घराशी आमच्या घराचा काडीचा संबंध न्हाय! माझं मानूस या उंबऱ्याला पाय लावनार न्हाय!”

तेवढ्यात आतून चहाचा ट्रे घेऊन कमळ बाहेर आली. तिच्या मागे राघोची बायको विनिता, तिच्या हातात बिस्किटांचा पुडा.

“तू?” महादूचा आवाज चिरकला. “तू कवापासून येतेस हितं?”

“तीन वर्षं झाली,” कमळ कप पुढे करत म्हणाली. “रोज दुपारी. तुमी घोरायला लागलात की.”