मंगळू डाकवाला विचार करतो

"आज सांगायचं हाय," मंगळू म्हणाला आणि भाकरीचा तुकडा हातात तसाच धरून बसला.

"मग सांग," सुकी म्हणाली.

"पण काय सांगू?"

"ते तू ठरव. खा आधी. ताटात माशा बसतात."

नवरा-बायकोचं असलंच बोलणं गेले आठ दिवस रोज सकाळी होत होतं. मंगळू डाकवाला होता. खांद्यावर डाकेची थैली, हातात भाला, भाल्याला घुंगरांचा झुबका. जव्हारहून निघायचं, घाटी उतरायची, ओढा ओलांडायचा आणि पोशेऱ्याला मोखाड्याकडून येणाऱ्या बाबल्याला थैली द्यायची, त्याची घ्यायची, की परत. जव्हारात तेव्हा संस्थानचं राज्य होतं आणि ओढ्यापलीकडे इंग्रजांचा खालसा मुलूख. सतरा वर्षं मंगळू रोज एका राज्यातून दुसऱ्या राज्यात धावत जात होता आणि जेवायला घरी येत होता.

आता मात्र पोशेऱ्याला रस्त्याच्या कामावर आलेल्या एका ओव्हरसियर साहेबाची त्याच्यावर मर्जी बसली होती. नाशकाच्याही पलीकडे नवा सरकारी बंगला झाला होता. तिथं राखणदार पाहिजे होता. धावायचं नाही, बसायचं. छातीवर पितळी बिल्ला, राहायला कौलारू खोली, पगार दुप्पट. साहेबाची राहुटी आज उठणार होती, तेव्हा आज हो की नाही ते सांगणं भाग होतं.

मंगळूचा डावा गुडघा गेली दोन वर्षं 'हो' म्हणत होता. बाकीच्या मंगळूचं काही ठरत नव्हतं.

"तुला काय वाटतं, ते तरी सांग," तो सुकीला म्हणाला.

"मला काय वाटायचंय? तू जाशील तिथं मी. चल ऊठ, डाक खोळंबली."

ही सुकी म्हणजे एक अजब बाई होती. गावाला सल्ला देऊन थकायची नाही, पण आठ दिवसांत नवऱ्याला एक शब्द सांगेल तर शपथ.

जव्हारात थैली घेऊन, अंगावर कांबळं पांघरून मंगळू घाटी उतरायला लागला. माघाची थंडी होती. त्याला वाटलं, रस्त्यात विचार करू. पण धावताना विचार कसला होतोय! 'जावं' म्हटलं की छन छन, 'राहावं' म्हटलं की छन छन. घाटीच्या मध्यावर जुन्या आंब्यापाशी तो थांबला. उजवीकडे बुधा भगताच्या झोपडीची वाट फुटत होती. भगताकडून तांदूळ बघून घेतले तर निदान डोक्याचा ताप तरी जाईल, असं त्याच्या मनात आलं.

पण डाकवाल्यानं वाट सोडायची नसते. आणि घुंगरं तर चार पाड्यांना ओरडून सांगणार, की बघा, मंगळू आडवाटेला लागला. मंगळूनं डोक्याचं लाल मुंडासं सोडलं, टर्रकन फाडलं आणि घुंगरांभोवती गच्च गुंडाळून टाकलं. सतरा वर्षांत पहिल्यांदा घुंगरं गप्प झाली. मंगळूला फार बरं वाटलं. आणि सगळा घोटाळा इथूनच सुरू झाला.

बुधा भगतानं सुपात तांदूळ टाकले. "जोड्या पुऱ्या झाल्या तर जायचं. एक दाणा उरला तर राहायचं," असं म्हणून त्यानं मोजायला घेतलं. मंगळू श्वास रोखून बघत होता. शेवटी सुपात एक दाणा उरला. पण तो दाणा नव्हता, कणी होती.

"आता?" मंगळूनं विचारलं.

"कणी धरली तर राहायचं. नाय धरली तर जायचं."

"मग धरायची का नाय?"

"ते तू सांग."

"अरे, भगत तू का मी?"

"देवानं तुझ्याच गळ्यात घातलंय, मी काय करू?" भगत म्हणाला आणि पुन्हा पहिल्यापासून मोजायला बसला. तीनदा मोजलं. तिन्ही वेळा कणी उरली. यात चांगला दोन घटका वेळ गेला आणि मंगळू होता तिथंच राहिला.

इकडे घाटीखालच्या पाड्यात भलतंच काही चाललं होतं. हा पाडा वाटेपासून दूर, दरीच्या तळाशी. मंगळूला तिथं कुणी पाहिलेलं नव्हतं, पण त्याची घुंगरं रोज ऐकू यायची. पाड्याला घड्याळ तेवढंच. घुंगरं आंब्यापाशी आली की बायका नागलीची आंबील चुलीवर चढवायच्या. ओढ्यापाशी गेली की गुरं पाण्यावर न्यायची. आणि त्या दिवशी तिथं सोम्याचं लग्न होतं.

लग्न लावणारी धवलेरी होती काळी. साठीची बाई, अंगानं काटक, आवाज मात्र असा की डोंगरानं उलटून उत्तर द्यावं. तिचा नेम असा, की डाकवाला ओढा उतरला की लग्न लावायचं. "माझ्या आयेनं तसंच लावलं, मी तसंच लावते. एक लगीन मोडलं नाय आजवर," असं ती म्हणायची, आणि ते खरं होतं.

तर मंडपात सगळे कान देऊन बसले होते. घुंगरं वाजत वाजत आंब्यापर्यंत आली. आणि थांबली. थांबली ती थांबलीच. गाणाऱ्या बायका गप्प झाल्या. एकमेकींकडे बघायला लागल्या. घुंगरं असतात कशाला? वाघ बाजूला व्हावा म्हणून. आणि ती मध्येच बंद पडली तर त्याचा अर्थ एकच.

"नेला!" काळी उठून उभी राहिली. "डाकवाल्याला वाघानं नेला! बसलात काय? ढोल घ्या, कोयते घ्या, निघा!"

"आन् लगीन?" नवऱ्याच्या मामानं विचारलं.

"लगीन कुठं पळून जातंय? तो मानूस मेला तर लगीन लावायचं कवा, ते तू सांगशील काय?"

हळद माखलेला सोम्या हातात कोयता घेऊन सगळ्यांच्या पुढं निघाला. लग्नाच्या दिवशी वाघाच्या तोंडात जायला कुणी खुशीनं निघत नाही, पण हा पोरगा निघाला, आणि त्याला कुणी अडवलंही नाही. नवरी म्हणाली, "जा, पण लवकर ये." अशी माणसं!

मंगळू भगताकडून आडवाटेनंच आंब्याच्या खाली वाटेवर येतो तर समोरून ढोल, थाळ्या, कोयते आणि चाळीस माणसं!

"काय झालं वं?"

"डाकवाल्याला वाघानं नेला!"

या वाटेवर डाकवाले दोनच. एक तो स्वतः, आणि तो तर इथं धडधाकट उभा. म्हणजे बाबल्या! आज आपली वाट बघून बघून बिचारा घाटीकडे चालत आला असणार, आणि वाघानं गाठला असणार. मंगळूच्या डोळ्यांत पाणीच आलं. "अरे देवा! चला, मी पन येतो," म्हणून तो त्यांच्यात घुसला. थैली कांबळ्याखाली होती आणि घुंगरं फडक्यात. त्यामुळं लोकांना दिसला तो फक्त भालेवाला एक बारकासा माणूस.

"भाला हाय, बरं झालं. तू पुढं हो," काळी म्हणाली.

जाळ्या झोडपत सगळे निघाले. चालता चालता काळी गहिवरून बोलायला लागली. "काय मानूस होता! सतरा वरसं. पाऊस नाय बघितला, ताप नाय बघितला. ओढा छातीला लागला तरी घुंगरं वेळेवर वाजायची. माझा घरवाला गेला तेव्हा चार दिवस मला सुधरत नव्हतं. पाचव्या दिवशी घुंगरं ऐकली आन् आपोआप उठून चूल पेटवली मी."

मंगळू ऐकत होता. सतरा वर्षं? बाबल्याला तर जेमतेम चार झाली होती. आणि ओढा छातीला लागला की बाबल्या पलीकडच्या काठावर झोपायचा.

"दिसायला कसा होता?" त्यानं भीत भीत विचारलं.

"सहा हात उंच," सोम्या ठासून म्हणाला. "या एवढाल्या मिशा."

"त्याशिवाय का एवढी घाटी रोज चढतोय!" काळी म्हणाली.

आता मंगळूच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. त्याला एकदम घाम फुटला. हे सगळं आपल्याबद्दल! ज्यांचं तोंड आपण पाहिलं नाही, अशी माणसं लग्न टाकून आपल्याला वाघाच्या तोंडातून सोडवायला निघालीत. पण 'तो मीच' हे आता सांगायचं कसं? सहा हात उंच माणसाच्या जागी साडेतीन हातांचा मंगळू कसा दाखवायचा?

"मी... मी वळखतो त्याला, थोडासा," तो पुटपुटला. "तसा बारीकच हाय. गुडघा दुखतो त्याचा."

"तोंड सांभाळ!" काळी कडाडली. "त्याचा गुडघा दुखंल? मेल्या मानसाबद्दल असं बोलतोस?"

तेवढ्यात ते आंब्यापाशी पोचले आणि पुढचा एक जण किंचाळला. करवंदीच्या जाळीला लाल फडक्याची फाटकी चिंधी अडकली होती. बायकांनी गळा काढला. सोम्यानं चिंधी हातात घेतली, उलटसुलट पाहिली, मग हळूच मंगळूच्या भाल्याकडे पाहिलं. भाल्याला तेच लाल फडकं. त्यानं झटक्यात मंगळूचं कांबळं ओढलं आणि डाकेची थैली सगळ्यांच्या पुढ्यात आली.

"वाघ नाय! यानंच मारलाय डाकवाल्याला! धरा!"

चाळीस माणसांनी मंगळूला त्याच्याच खुनाबद्दल धरलं. "अरे, मीच डाकवाला!" तो ओरडत होता. त्यानं फडकं सोडून घुंगरं दाखवली. उलट लोक जास्तच भडकले. "घुंगरंपन चोरली बघा!" कुणीतरी त्याची मानगूट पकडली, आणि सोम्याचा मामा, ज्याला मघापासून लग्नाची काळजी लागली होती, तो दोरी शोधायला लागला.

"थांबा!" काळी पुढं झाली. "सोडा त्याला. डाकवाला हायेस ना? मग त्या वळणापर्यंत धावून दाखव. मी डोळं मिटते. तोंड मी पाहिलं नाय कवा, पन त्याचा पाय मी झोपेतपन वळखीन."

तिनं डोळे मिटले. सगळे गप्प झाले. मंगळू धावला. भीतीनं धावला, अभिमानानं धावला, रडत रडत धावला. डाव्या गुडघ्यामुळं त्याची चाल थोडी लंगडी पडायची. दोन छन, मग जराशी दमखाऊ उसंत, मग एक छन. सतरा वर्षांच्या शेवटच्या दोन वर्षांत पाड्यानं हीच चाल रोज ऐकली होती.

"तोच!" काळी ओरडली. "तोच हाय! अरे, बघता काय, मंडपात चला, ओढा उतरंल तो आता!"

मग तिनं डोळे उघडले, परत आलेल्या मंगळूला मुंडाशाविना उघड्या डोक्यापासून पायापर्यंत नीट न्याहाळलं, आणि म्हणाली, "इतकासाच?"

मंगळूनं मान खाली घातली. काळीनं पुढं होऊन दोन्ही हातांनी त्याच्या गालांवरून बोटं फिरवली आणि आपल्या कानशिलावर कडाकडा मोडली. "इतकासा असून एवढा मोठा वाजतोस, पोरा," ती म्हणाली.

मंगळू ओढा उतरला आणि दरीत ढोल वाजला. लग्न लागलं होतं.

पोशेऱ्याला पोचला तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. बाबल्या झाडाखाली घोरत होता. मंगळूनं त्याला उठवून मिठी मारली. बाबल्याला काहीच कळलं नाही, पण त्यानं ती मारू दिली. राहुटीसमोर ओव्हरसियर साहेब लालबुंद होऊन येरझाऱ्या घालत होते.

"कुठे होतास रे? सकाळपासून उपाशी आहे मी! हा आचारी म्हणतो, डाक आल्याशिवाय भात चढवायचा कसा! त्याला घड्याळ दाखवलं, तर म्हणतो, घड्याळ किल्ली दिली की चालतंच, त्यात काय विशेष!"

"रावसाहेब, चुकलं. आन् ती नोकरी..." मंगळूनं हात जोडले. "माझं नाय जमणार. इथं लोकांची खोटी होते."

साहेबांनी त्याच्याकडे पाहिलं, आचाऱ्याकडे पाहिलं, नुकत्याच पेटलेल्या चुलीकडे पाहिलं. त्यांना राग यायला हवा होता. पण उपाशी माणसाला काही गोष्टी लवकर समजतात.

"नको येऊस बाबा," ते म्हणाले. "पुढच्या महिन्यात मला पुन्हा इथंच यायचंय."

दिवस मावळायच्या सुमारास मंगळू घरी आला. छाती दोन बोटं पुढं आली होती. आज आपण केवढी मोठी गोष्ट ठरवली, ते सुकीला कसं सांगायचं, याची त्यानं वाटेत चारदा उजळणी केली होती. पण दारात पाऊल टाकलं आणि तो जागीच उभा राहिला. घर मोकळं होतं. भांडी, जातं, गोधड्या, सगळं दोन गाठोड्यांत बांधून दाराशी ठेवलं होतं.

"सुके... हे काय?"

"काय ठरलं?" तिनं विचारलं.

"नाय म्हटलं मी."

सुकी खाली बसली आणि गाठोड्याची गाठ सोडायला लागली. गाठ पक्की होती, दातानं सोडवावी लागली.

"तुला जायचं होतं काय?" मंगळूचा आवाज एवढासा झाला. "मग बोलली का नाय?"

"मला कुठं जायचंय मरायला!" सुकी म्हणाली. पदरानं तिनं डोळे पुसले आणि लगेच पदर कमरेला खोचला. "आठ दिवस पोटात गोळा होता माझ्या. पन धावतोस तू, गुडघा तुझा. मी 'नको' म्हटलं असतं तर माझ्यापायी राहिला असतास. आन् तू 'हो' म्हणून आलास आन् मी सामान बघून रडत बसले, तर तू परत विचारात पडला असतास. म्हणून आधीच बांधून ठेवलं."

मंगळू तिच्याकडे बघतच राहिला. आज सबंध दरीनं त्याचं कौतुक केलं होतं, पण या बाईपुढं आपण खरोखरच साडेतीन हातांचे आहोत, असं त्याला वाटलं, आणि त्याचं त्याला वाईट वाटलं नाही.

"कोंबड्या कुठं गेल्या?" त्यानं विचारलं.

"शेजारच्या गोदाला दिल्या सकाळी. तिच्याकडं पाव्हणे आलेत. जा, घेऊन ये परत, एखादी चुलीवर चढायच्या आत."

मंगळू निघाला. दोन पावलं गेला असेल-नसेल, तर सुकीनं मागून हाक मारली.

"आन् वाटेत विचार करू नको! सरळ जा आन् सरळ ये."