पुष्पाबाईचा आवाज

"आबा, आते आयकू येस का?" लखनने वडिलांच्या शर्टाच्या खिशात साबणाच्या वडीएवढं मशीन अडकवलं, त्याची वायर कानात खोचली आणि बटण फिरवलं.

धुडकू खाटेवरून उठून उभाच राहिला. "हाऊ पंखा इतला बोंबलस?"

लखन खूश झाला. त्याला साड्यांच्या मार्केटला पोचायची घाई होती. मशीन चाललं, म्हणजे आपलं काम झालं, असं समजून तो निघून गेला.

धुडकूची उमर सुरतेजवळ कडोदऱ्याला कापडाच्या लूमवर गेली होती. शेकडो लूम एकदम चालतात तिथे शेजारच्याचं बोलणं ऐकायचं नसतं, बघायचं असतं. ओठ हलले की समजून घ्यायचं. धुडकू त्यात इतका तयार झाला, की कान कधी तिथेच राहिले आणि आपण एकटेच घरी यायला लागलो, हे त्याचं त्यालाही कळलं नाही. आता मशीनकडून त्याला एकच गोष्ट हवी होती आणि ती मुलाला सांगायची लाज वाटत होती. बायकोचा, पुष्पाबाईचा आवाज कसा होता, तेच तो विसरला होता.

"आते तू बोल," तो बायकोला म्हणाला.

पुष्पाबाईने समोर उभं राहून विचारलं, चहा टाकू का? धुडकूला ते ओठांवरून समजलं, रोज समजायचं तसं. कानात मात्र पंखाच.

"अजून बोल."

ती बोलली. तेवढ्यात कुकरची शिट्टी अशी घुसली, की धुडकू भिंतीला टेकला. मग तंबाखूची पुडी काढायला त्याने खिशात हात घातला, तर कानात कुणीतरी पत्र्याचं छप्पर ओढत नेलं. बायको सोडून सगळं जग बोलत होतं.

पर्वत पाटियाच्या नाक्यावर प्रभाकरचं रेडिओ-टेपच्या दुरुस्तीचं दुकान होतं. मशीन त्यानेच मागवून दिलं होतं. धुडकू तडक तिथे गेला.

"मशीन खराब शे. त्याले सगळं आयकू येस, मनी बायको आयकू येत नई."

प्रभाकरने सेल बदलला आणि ओठ नीट दिसतील असं सावकाश समजावलं, "धुडकूभाऊ, या डबीतला माईक आवाज पकडतो. त्याचा बारीक करंट होतो. आतला अ‍ॅम्प्लिफायर सेलच्या जोरावर तो करंट मोठा करतो आणि कानात परत त्याचा आवाज होतो."

"समजनं. बटन आपुन बोटघाई दाबतस, लूम मोटरच्या जोरवर चालस."

"अगदी बरोबर!"

"मंग मनी बायको बटन दाबस, तर मोटर का चालत नई?"

प्रभाकरने डबी उलटीसुलटी करून पाहिली. "आवाज पूर्ण वाढवून बघा," तो म्हणाला.

धुडकूने घरी येऊन पूर्ण वाढवला. वायरच्या टोकाचं कानातलं बोंडूक सैल होतं, त्यामुळे मशीनच शिट्टी मारायला लागलं. शेजारच्या मालतीबाई कुकर फुटतोय म्हणून लाटणं हातात घेऊन धावत आल्या. पुष्पाबाईने गॅस बंद केला, शिट्टी चालूच. मग स्टोव्ह पाहिला. शेवटी धुडकूच्या खिशाला कान लावल्यावर उलगडा झाला आणि मालतीबाई हसत हसत सगळ्या गल्लीला सांगायला गेल्या.

दुसऱ्या दिवशी प्रभाकर स्वतःच घरी आला. त्याने बोंडूक आपल्या कानात घातलं. "वहिनी, नेहमी यांच्याशी बोलता तसं बोला. माझ्याकडे बघू नका."

पुष्पाबाई नवऱ्याकडे वळली आणि बोलायला लागली. ओठ हलले, भुवया उडाल्या, हातही नाचला. प्रभाकरला पंखा ऐकू आला, नळ ऐकू आला, मालतीबाईंचं भांडणही ऐकू आलं. त्याने बोंडूक काढून फेकलं. तरी तेच!

"वहिनी, आवाज कुठंय तुमचा?"

"शे ना," पुष्पाबाई खणखणीत म्हणाली. "पहिले मी मोठ्यानं बोलू. याईले आयकू येये ना, पण गल्लीले समदं समजे. मंग आवाज काढाचं सोडी दिन्हं. याईले नुसत्या ओठवर समजस. मंग आवाज कसाले वाया घालू?"

प्रभाकर हळूच खाटेवर बसला. "धुडकूभाऊ, हे यंत्र आहे तो आवाज मोठा करतं. नाही तो कुठून आणणार?"

धुडकूला आधी हसू आलं आणि मग ते तसंच तोंडावर राहिलं. तिने ओठ मोठे केले, की किती वर्षं तो तिला म्हणत आला होता, "इतली वरडू नको, मी काय बहिरा शे?" आणि ती बिचारी मुकाट्याने ओठ आणखी लहान करायची.

"आते बोल ना वं," तो म्हणाला. "मनासंगे."

पुष्पाबाईने पदर सावरला, तोंड उघडलं आणि खोकली. खोकला छान मोठा ऐकू आला. त्यापुढे काही येईना. ज्याच्याशी निम्मा संसार ओठांनी केला, त्याच्यापुढे आवाज काढायचा म्हणजे तिला भर मांडवात गाणं म्हणायला लावल्यासारखं झालं. 'काय बोलू?' तिने विचारलं. नुसत्या ओठांनी. आणि आत निघून गेली.

मशीन परत करू, असं लखन म्हणाला. धुडकू हो म्हणाला, पण दोन दिवसांनी सकाळी दाराच्या पडद्यामागे बसून वायर गुंडाळताना सहज बटण फिरलं आणि त्याने बोंडूक कानाला लावलं. बाहेर गाडीवर वांगी घेत पुष्पाबाई भाजीवाल्याशी भावावरून झगडत होती. जरा खरखरीत आवाज, शेवटाला वर चढणारा. हाच तो. लग्नानंतर विहिरीवर ऐकलेला. धुडकू हलला नाही. पण भाजीवाला घाबरट निघाला, लगेच मानला, आणि आवाज संपला.

मशीन परत गेलं नाही. दुसऱ्या सकाळी धुडकूने भाजीवाल्याला गल्लीच्या तोंडालाच गाठलं. "मनी बायकोले भाव जास्ती सांगजो. आनि लवकर मानू नको."

"अरे काका, काकी मने मारशे!"

"मार खाई ले. पन लवकर मानू नको."

त्या दिवसापासून दारात असं भांडण जुंपायचं, की मालतीबाई ओट्यावर येऊन बसायच्या. पडद्यामागे धुडकू डोळे मिटून बटणावर बोट ठेवून असायचा.

एकदा पुष्पाबाई लाल तोंडाने आत आली. टोपली आपटली आणि नवऱ्यासमोर उभी राहून, आवाज न काढता, ओठ दाबून दाबून म्हणाली, 'तो मेला रोज भाव वाढाई राह्यना. तुम्ही बी काही सांगा ना त्याले!'

धुडकूने मान हलवली. "सांगस," तो म्हणाला. "रोज सांगस."