उजव्या कौलाचं इंटरनेट

देवबागात कुणी आजारी पडलं की आम्ही शहाळी घेऊन भेटायला जातो. आमचे शेजारी नानाही जायचे, पण उशाशी टेकले की पहिला प्रश्न असायचा, "तुमच्याकडे खंयची वायर इली?"

वायर म्हणजे इंटरनेटची. ती गावात कुणाकडेच आलेली नव्हती, तरी नाना विचारायचे. मला मात्र कोडं पडलं होतं, या माणसाला नेट हवंय कशाला? उभा जन्म बोटीवर गेला, बायको वारली, फोन बटणांचा. टीव्हीवर फक्त हवामान बघायचे आणि "खोटारडो!" म्हणून बंद करायचे.

सकाळची पेज झाली की पडवीत बसून एकेका कंपनीला फोन. कंपनीशी नाना ठेवणीतल्या शुद्ध मराठीत बोलत.

"सर, तुमचा पत्ता कॉम्प्युटरवर दिसत नाही. जवळची खूण सांगा."

"पूर्वेला खाडी, पश्चिमेला समुद्र. मधे मी."

"सर, आपल्या भागात सेवा उपलब्ध नाही."

"मग तुमचो भाग तरी खंय आसा?" तिथे शुद्ध मराठी संपायची.

एके दिवशी मी न राहवून विचारलंच. नानांनी फोन बाजूला ठेवला आणि शहरात नोकरीला असलेल्या मुलाचं, सुधीरचं, नाव काढलं.

"सुधीर म्हणता, नेट आसला तर हयसूनच काम करतलंय, म्हयनोभर रवतलंय. आता चतुर्थीक येता, आरती झाली की बॅग भरता." मग एकदम माझ्यावरच डाफरले, "झील घरात व्हयो, म्हणान नेट व्हया! तुका कित्याक चौकशी?"

त्यानंतर मीही त्यांच्यासाठी चौकशी करू लागलो. एक कंपनी "बघतो" म्हणाली, दुसरीने साफ नकार दिला. नानांनी दोघींच्या नावाने देवळात कौल लावला. आमच्याकडे लग्नापासून विहिरीपर्यंत सगळं देवाला विचारून होतं. पाषाणाला पाकळ्या चिकटवायच्या, उजवी पडली की होकार. गाऱ्हाणं घालताना 'ब्रॉडबँड'पाशी गुरवाची जीभ अडखळली, पण देवाला बरोबर कळलं. उजवी पाकळी पडली, ती नेमकी नकार देणाऱ्या कंपनीच्या नावावर.

नानांनी देवळाच्या पायरीवरूनच फोन लावला. "देवाने होकार दिला आहे. तुमचा कॉम्प्युटर नाही म्हणणारा कोण?"

फोनवरच्या मुलीने घाबरून फोन साहेबाला दिला. साहेब निघाला आमच्याच बाजूचा, कुडाळचा.

"खरोच उजवो कौल?" त्याने आवाज खाली आणून विचारलं.

पावसाळा सरला आणि खांब आले, वायर आली, मागोमाग सुधीर आला. पण तो खोलीचं दार लावून दिवसभर मीटिंगमध्ये. नाना दाराबाहेर बाकावर बसून कावळे हाकलत, नारळ पाडायला आलेल्याला हळू पाड म्हणून दटावत. मला वाईट वाटलं. एवढा खटाटोप केला तो बंद दारासाठी?

"काय बोलता ता माका कळना नाय," नाना कुजबुजले, "पण आवाज घरात आसा."

परवा वारा सुटला आणि माडाची झावळ थेट वायरीवर कोसळली. नेट गेलं. मी बांबू घेऊन धावलो. बघतो तर सुधीर पडवीत पाय पसरून बसलेला, नाना बोटीवरच्या भंडाऱ्याची, म्हणजे स्वयंपाक्याची, नक्कल करतायत आणि तो पोट धरून हसतोय. त्याला असं हसताना मी शाळेनंतर पाहिलं नव्हतं.

"नानानु, कंपनीक फोन केल्यात?"

"करतंय रे. घाई खंयची? जेवान होवंदे."

मी झावळ काढायला बांबू उचलला, तशी त्यांनी मला जवळ बोलावलं आणि सुधीरला ऐकू जाणार नाही अशा बेताने म्हणाले,

"रवांदे ती थंयच. देवान टाकल्यान, देवच काढतलो."

मी बांबू भिंतीला टेकवून ठेवला.