स्वतःच्याच संघाविरुद्ध एक युरो

"बव्हेरियात गुन्हे इतके कमी का, ठाऊक आहे? मी इथे राहतो म्हणून," असं गुरुदत्त घरी आलेल्या प्रत्येकाला सांगे. पाहुणे निमूट ऐकून घेत, कारण त्याच्या बायकोचा, मालिनीवहिनींचा, चहा यायचा असे. उंटरश्लाइसहाइमच्या एका कंपनीत गुरुदत्त सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधायचा पगार घेई. माणसांमधल्या चुका तो फुकट शोधून देई. अशा बुद्धिमत्तेला एक मठ्ठ सहायक लागतो म्हणून त्याने श्रीनाथला नेमलं होतं. श्रीनाथ पीएचडी करत होता आणि त्यांच्याच वरच्या खोलीत भाड्याने राहत होता, त्यामुळे नकाराची सोय नव्हती.

प्रकरण बेसबॉलचं होतं. गावच्या बायसन्स संघात श्रीनाथ खेळे, गुरुदत्त बाकावरून सल्ले देई आणि संघ दर रविवारी नेमाने हरे. सामन्याआधी क्लबातले सगळे एका डब्यात एकेक युरो टाकत, अर्थातच आपल्या विजयावर. पण दर वेळी एकच युरो विरुद्ध पडे आणि संध्याकाळी अख्खा डबा त्या एकाच्या खिशात जाई.

"घरभेदी आहे कोणीतरी," गुरुदत्त पराभवानंतरचं आईस्क्रीम चाटत म्हणाला.

नाव फक्त खजिनदार ब्रांडल यांना माहीत होतं. "डाटेनशुट्झ," ते म्हणाले आणि विषय संपला. माहितीच्या गोपनीयतेपुढे या देशात भल्याभल्यांचं चालत नाही, तिथे गुरुदत्तची काय कथा.

मग तर्कांना ऊत आला. चेंडू टाकण्यापूर्वी संघातला लुकास नाक खाजवतो, म्हणजे तो प्रतिस्पर्ध्यांना खुणावतो. लुकासला परागकणांची ॲलर्जी निघाली. पंचांचे मोजे प्रतिस्पर्ध्यांच्या रंगाचे आहेत, म्हणजे पंच फितूर. पंच दर रविवारी बदलतात हे श्रीनाथने सांगितल्यावर गुरुदत्त म्हणाला, "आल्झो, म्हणजे मोठी टोळी आहे."

शेवटी शनिवारी जेवताना त्याने घसा खाकरला. "श्रीनाथ, चेंडू मारल्यावर बॅट टाकून पळायचं असतं. तू ती हातात घेऊन पळतोस. का?"

"दादा, जन्मभर क्रिकेट खेळलोय. सुटतच नाही हातातून."

"झेल मात्र बरोबर सुटतात. गेनाऊ, अगदी तेच. घरभेदी तूच. उद्या सकाळी मी ट्रेनरना सांगणार, तुला संघातून काढा."

श्रीनाथने हातातला घास ताटात परत ठेवला. आठवडाभर प्रयोगशाळेत त्याच्याशी फक्त यंत्रं बोलत. रविवारी मैदानावर आठ माणसं त्याला नावाने हाक मारत, भले शिव्या देण्यासाठी का होईना. तेही गेलं तर या गावात आपलं कोण, या विचाराने त्याला रडू यायचं बाकी होतं.

"अहो, त्याला कशाला काढता?" वहिनी ताटात थालीपीठ वाढत म्हणाल्या. "तो युरो मी लावते."

गुरुदत्तचा हात ताटातच थांबला. "तू? आधी का नाही सांगितलंस?"

"तुम्ही विचारलंत कुठे? हरल्यावर सगळ्यांना आईस्क्रीम कोण देतं, ते तरी विचारलंत?"

डिटेक्टिव्हसाहेब हंगामभर गुन्ह्याचा मुद्देमाल स्वतःच फस्त करत आले होते.

"वहिनी, तुम्हाला आम्ही जिंकायला नकोय?" श्रीनाथने विचारलं.

"असं कसं रे? जिंकलात तर माझा युरो खुशाल जाऊ दे. पण हरून तोंडं पाडून बसता ना सगळे, ते मला बघवत नाही. तेवढीच जरा गंमत."

गुरुदत्तने तपास कौटुंबिक कारणास्तव थांबवला. श्रीनाथ संघात राहिला. रविवारी सामना संपता संपता बायसन्स चक्क एका धावेने पुढे होते, आणि शेवटचा चेंडू उंच उडून नेमका श्रीनाथच्याच दिशेने आला. कुंपणापाशी वहिनी घसा फोडून ओरडत होत्या, "श्रीनाथ, सोडू नकोस रे." त्यांचा युरो याही वेळी विरुद्धच होता.

श्रीनाथने चेंडू सोडला नाही. पोरं त्याच्या अंगावर कोसळली. वहिनी कुंपणाला धरून जॅकेटच्या बाहीने डोळे पुसत होत्या.

गुरुदत्तच्या तीक्ष्ण नजरेतून ते सुटलं नाही. "पाहिलंस?" तो श्रीनाथच्या कानाशी लागून म्हणाला. "एक युरो बुडाला तरी माणूस किती रडतो."