नदीकाठचा रस्ता कुणी फोडला?

कठड्याजवळ केळ्याची साल पडलेली दिसली आणि आन्सेल्म बुइसूने करकचून ब्रेक दाबला.

"रेजिस, हे बघ."

मागून धापा टाकत रेजिस आला. एक पाय टेकवून त्याने खाली वाकून पाहिलं. "केळ्याची साल आहे."

"ते मलाही दिसतंय. पण टाकली कुणी?"

"ज्याने केळं खाल्लं त्याने."

आन्सेल्म हसला नाही. कोंब्लाक गावात त्याने आयुष्यभर औषधांचं दुकान चालवलं होतं. गिऱ्हाईक खोकला सांगतं आणि दुखणं भलतंच निघतं, हे रोज पाहून पाहून तो संशयी झाला होता. त्यात हा रस्ता म्हणजे त्याचा जीव की प्राण. साऱ्या मोटारी सेले नदीच्या पलीकडच्या हमरस्त्याने जायच्या. अलीकडच्या काठाला एका अंगाला पिवळे कडे, दुसऱ्या अंगाला अक्रोडाची झाडं, खाली हिरवंगार पाणी आणि मधून जाणारी ही अरुंद डांबरी वाट. निवृत्त झाल्यापासून तो आणि रेजिस रोज सकाळी इथे सायकल चालवायचे. रेजिस गुरांचा डॉक्टर होता. वाटेत भेटलंच तर एखादं बदक भेटायचं. ही वाट बाहेरच्या कुणाला कळू द्यायची नाही, असं दोघांनी वाइनचे पेले भिडवून ठरवलं होतं.

आन्सेल्मने बुटाच्या टोकाने साल उलटवली. "काळी पडलेली नाही. आजचीच आहे."

"मग काय, पंचनामा करतोस?"

तेवढ्यात वळणावरून तंग कपड्यांतले दोन सायकलस्वार आले. "बोंजूर!" म्हणत, हात हलवत भुर्रकन निघून गेले.

"बोंजूर म्हणे," आन्सेल्म पुटपुटला. "जसा काही बापाचा रस्ता आहे!"

दुसऱ्या दिवशी दोघांचे सहा झाले. रविवारी तर मोजायचंच आन्सेल्मने सोडून दिलं. बदकं पलीकडच्या काठाला गेली. एवढी माणसं आपोआप येत नाहीत, कुणीतरी रस्त्याचं गुपित फोडलं, हे त्याच्या डोक्यात पक्कं बसलं. मग त्याला जिकडे तिकडे पुरावे दिसू लागले. रेजिसच्या हातांत नवे कोरे हातमोजे होते. ते कुणी दिले? कॅफेवाल्या जोझेतने दारातल्या फळ्यावर 'सायकलस्वारांसाठी खास ऑम्लेट' लिहिलं होतं. तिला आधीच कसं कळलं? आणि त्याची बायको ह्युगेत लिओं शहरातल्या मावसबहिणीशी फोनवर तास तास बोलायची. काय बोलायची?

शेवटी त्याने सापळा रचला. तिघांना तीन वेगवेगळ्या थापा मारायच्या. पाहुणे जे शोधत येतील, त्यावरून फितूर कोण ते कळेल.

रेजिसला त्याने सहज म्हणून सांगितलं, "अरे, जुन्या पाणचक्कीमागे एक झरा सापडला. काय गोड पाणी आहे!" ह्युगेतला म्हणाला, "चर्चमागचं अंजीर यंदा लगडलंय बघ." आणि कॅफेत जोझेतच्या कानाशी लागला, "तिठ्याखालच्या खडकावरून सकाळी पाणमांजरं दिसतात. कुणाला बोलू नकोस हं."

मग तो वाट पाहत बसला. फार बसावं लागलं नाही. पुलावर एका तरुणाने सायकल थांबवून विचारलं, "काका, तो गोड पाण्याचा झरा कुठे आहे हो?"

"रेजिस!" आन्सेल्म पुटपुटला. हा माणूस त्याच्या लग्नात साक्षीदार म्हणून उभा राहिला होता.

पण तो दुःख करतो न करतो तोच दोन जण दुर्बिणी घेऊन तिठ्याखालच्या खडकावर पालथे पडलेले दिसले. आणि चर्चकडून पाद्रीबाबांचा आवाज आला, "अहो, माझी अंजिरं! खाली उतरा आधी!"

म्हणजे तिघंही. सगळं गावच विकलं गेलं होतं.

संध्याकाळी कॅफेत त्याने रेजिसला गाठलं. "झऱ्याचं मी फक्त तुला सांगितलं होतं."

"हो. मग?"

"मग बाहेरच्या लोकांना कसं कळलं?"

"माणूस तहानलेला होता रे! जीभ बाहेर आली होती त्याची. मी सांगितलं."

"म्हणजे गुन्हा कबूल!"

रेजिसने पेला खाली ठेवला. "थांब. तू मुद्दाम सांगितलंस मला? परीक्षा घेतलीस माझी?"

"घ्यावी लागली."

"इतकी वर्षं तुझ्या मागून सायकल चालवतोय. तुझा वेग नाही म्हणून मीही हळू चालवतो. आणि तू माझी परीक्षा घेतोस?" रेजिसने टोपी उचलली. "उद्यापासून एकटा जा."

"माझा वेग नाही? धापा तर तू टाकतोस!" आन्सेल्म ओरडला, पण तोवर दार आपटलं होतं. फळ्यावरचं ऑम्लेट पुसत जोझेत म्हणाली, "माझ्याकडे बघू नकोस. पाणमांजरं मी साऱ्या गावाला सांगितली. कॅफे आहे हा, चर्च नाही."

घरी ह्युगेतने तर कांगावाही केला नाही. "अंजिरांचं मीच सांगितलं. बिचारी पोर फाटकाशी उभी होती, भूक लागलीय म्हणाली."

"बघ!"

"काय बघ? ती फाटकाशी उभी होती म्हणजे रस्ता तिला आधीच ठाऊक होता. अंजिरं नंतर आली. एवढंही कळत नाही?"

आन्सेल्मला कळलं, पण कळल्याचं दाखवावं असं काही त्याला वाटलं नाही. दुसऱ्या दिवशी तो एकटाच सायकलवर गेला. वळणावर सवयीने मागे वळून "चिखल आहे, सांभाळ" म्हणाला आणि मागे कुणी नाही हे त्याला दिसलं. तो अर्ध्यातूनच परतला.

घराच्या अंगणात चार सायकली आडव्या पडल्या होत्या. तीन पाहुणे पायरीवर पोट धरून बसले होते, चौथा दिसत नव्हता.

"औषधवाले काका तुम्हीच ना?" एकजण कण्हला. "आम्हाला गावात तुमचं नाव सांगितलं."

"काय झालंय?"

उत्तर द्यायच्या आत संडासाचं दार उघडलं, आतला बाहेर आला आणि कण्हणारा आत धावला. सगळा खुलासा झाला.

"कुठलं पाणी प्यायलात?" आन्सेल्मने हलक्या आवाजात विचारलं.

"त्या पाणचक्कीमागच्या गोड झऱ्याचं."

आन्सेल्मचे कान लाल झाले. पाणचक्कीमागे पाणी होतं खरं. पण ते वरच्या मासेवाल्याच्या तळ्याची गळती होती आणि बेडूकसुद्धा ते विचार करून प्यायचे.

ह्युगेत चुलीवर तांदळाची पेज ढवळत होती. तिने आधीच रेजिसला बोलावून घेतलं होतं. तो पिशवी घेऊन आला, आन्सेल्मला ओलांडून सरळ तिच्यासमोर उभा राहिला. "ह्युगेत, तुझ्या नवऱ्याला सांग, माझ्याकडे वासरांच्या जुलाबाची पूड आहे. माणसांना किती द्यायची ते त्याला माहीत असेल."

"ह्युगेत, त्याला सांग, वासरांची पूड माणसांना देत नाहीत. माझ्याकडे गोळ्या आहेत."

"दोघांनी आपापल्या तोंडाने बोला," ह्युगेत म्हणाली, "मी पेज ढवळतेय."

गोळ्या आणि पेज पोटात गेल्यावर पाहुण्यांच्या चेहऱ्यांवर रंग आला. त्यांतली एक बाई आन्सेल्मकडे निरखून पाहत होती. एकदम तिचा चेहरा उजळला.

"मॉसिए बुइसू! अहो, तुम्हीच की! गुडघा कसा आहे?"

"तुम्हाला माझा गुडघा कसा माहीत?" आन्सेल्मने संशयाने विचारलं.

"मार्चमध्ये ऑपरेशनच्या वेळी भूल मीच दिली होती. तोंडाला मास्क होता, म्हणून ओळखलं नाहीत. तुम्ही फार घाबरला होतात. मी म्हटलं, एखादी आवडती जागा डोळ्यांपुढे आणा. तर तुम्ही सुरूच झालात! कोंब्लाकच्या पुलावरून डावीकडे, मग अक्रोडाची रांग, मग मधमाशांच्या पेट्या, तिथे चढ आहे पण घाबरू नका, मोटार एकही नाही..."

"मी?"

"एकेक वळण सांगितलंत. शुद्ध हरपली तरी ओठ हलत होते. आणि शुद्धीवर येताना पुन्हा सुरू झालात. या वेळी परतीची वाट!" ती खळखळून हसली. "सर्जननी फळ्यावर नकाशाच काढला. मग काय, साऱ्या इस्पितळाने उतरवून घेतला. सर्जनसाहेबही आलेत ना. आत्ता ते आत आहेत."

आतून पाणी सोडल्याचा आवाज आला.

ह्युगेतने पळी खाली ठेवली आणि नवऱ्याकडे नुसतं पाहिलं. जोझेतचं ऑम्लेट, मावसबहिणीचे फोन, नवे हातमोजे, सगळं आन्सेल्मच्या डोळ्यांपुढून गेलं.

"ते हातमोजे," तो रेजिसला म्हणाला, "छान आहेत."

"जुन्यांना भोकं पडली होती."

"हो. दिसायची."

रेजिसने पिशवीचं तोंड बांधलं. मग म्हणाला, "सकाळी फाटकाशी उभा राहा. उशीर करू नकोस."

सकाळी दोघं पुलावर आले तेव्हा डावीकडच्या वाटेवर रंगीबेरंगी टोप्यांची रांगच रांग होती. "बोंजूर, बोंजूर" करून आन्सेल्मची मान दुखायला लागली.

"आता कुठे जायचं रे आपण?"

रेजिसने इकडे तिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "वरच्या बाजूला आणखी एक दरी आहे. छोटी नदी, चांगला रस्ता. चिटपाखरू नसतं तिथे. वासरांना लस टोचायला जायचो तेव्हापासून मला माहीत आहे."

"आणि मला इतकी वर्षं सांगितलं नाहीस?" आन्सेल्मच्या भुवया चढल्या होत्या, पण त्याने लगेच त्या खाली घेतल्या. "बरं, चल. कुठून वळायचं?"

रेजिस जागचा हलला नाही. "दुसऱ्या गुडघ्याचं ऑपरेशन कधी आहे तुझं?"

"नोव्हेंबरात. का?"

"मग डिसेंबरात दाखवतो," रेजिस म्हणाला आणि गर्दीत घुसला.